दहा दिवसांची माया

सुरुवातीलाच कबुली देऊन टाकते. मी कॉन्व्हेंटची. पहिली ते दहावी इंग्लिश मीडियम, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाशी माझी फक्त तोंडओळख आहे. 'तू लिही गं, आम्ही दुरुस्त करू' असं म्हणून मराठी विभागाच्या संपादकांनी हा लेख माझ्याकडून काढून घेतलाय. तेव्हा विचार माझे आणि शुद्धलेखनाच्या चुका त्यांच्या! (संपादकांनी हलकेच घ्यावे.)

विषय मात्र हलका नाही.

गेल्या महिन्यात मेसबाहेरच्या बोर्डावर एक नोटीस लागली होती, आठवतेय? 'सामाजिक उपक्रम : अनाथाश्रमास भेट. रविवारी सकाळी ९ वाजता. केक कापणे, खाऊवाटप, खेळ व फोटोसेशन. इच्छुकांनी नावे द्यावीत.' दोन तासांत चाळीस नावं! सबमिशनच्या आठवड्यात आपल्या कॉलेजमध्ये एवढा उत्साह मी पहिल्यांदाच पाहिला. माझ्या रूममेटने न विचारता माझंही नाव लिहिलं होतं. मी खाली जाऊन ते खोडून आले. ती भडकलीच. म्हणाली, "तुला प्रॉब्लेम काय आहे? चांगलं काम आहे ना? तू तर सिस्टर लोकांच्या शाळेत शिकलीयेस, तुला तर जास्त वाटायला पाहिजे."

तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. हा लेख म्हणजे ते उत्तर. थोडं लांबून, म्हणजे पार हैतीवरून यावं लागणार आहे. पण सोबत चला.

थर्ड इयरच्या सेमिनारसाठी मी हैतीच्या भूकंपाचा विषय घेतला होता. आम्हा सिव्हिलवाल्यांचा हा लाडका विषय. १२ जानेवारी २०१० रोजी कॅरिबियन समुद्रातल्या या छोट्या देशात, राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सजवळ ७.० तीव्रतेचा भूकंप झाला. मृतांचा आकडा लाखाच्या पुढे गेला. त्यानंतर दीडच महिन्याने, २७ फेब्रुवारीला चिलीमध्ये ८.८ तीव्रतेचा भूकंप झाला. म्हणजे सुमारे ५०० पट जास्त ऊर्जा! आणि तिथे माणसं गेली पाचशेच्या आसपास. फरक बांधकामाचा. भूकंप माणसं मारत नाही, घरं मारतात, हे आमच्या सरांचं आवडतं वाक्य. या वाक्यावर मी छान वीस स्लाइड्स केल्या आणि मार्क घेऊन मोकळी झाले.

पण तयारी करताना एक भलतीच बातमी हाती लागली होती. ती स्लाइडमध्ये बसत नव्हती म्हणून सोडून दिली, डोक्यातून मात्र गेली नाही.

भूकंपानंतर सतराव्या दिवशी, २९ जानेवारी २०१० ला हैती आणि डॉमिनिकन रिपब्लिक यांच्या सीमेवर एक बस अडवली गेली. बसमध्ये दहा अमेरिकन होते, बहुतेक आयडाहो राज्यातल्या बॅप्टिस्ट चर्चशी संबंधित. आणि होती ३३ मुलं, अगदी काही महिन्यांच्या बाळापासून बारा वर्षांपर्यंतची. कागदपत्रं नव्हती. भूकंपात अनाथ झालेल्या मुलांना आम्ही सुरक्षित ठिकाणी नेतोय, तिकडे एक हॉटेल भाड्याने घेऊन अनाथालय काढणार आहोत, असं त्यांचं म्हणणं होतं. पोलिसांनी दहाही जणांना अटक केली आणि मुलांची रवानगी दुसऱ्या एका बालसंस्थेत झाली.

तिथे हळूहळू खरी गोष्ट बाहेर आली. ही मुलं अनाथ नव्हतीच! बहुतेकांचे आई-वडील जिवंत होते. बरीचशी मुलं राजधानीच्या वरच्या डोंगरातल्या एकाच गावची होती. घरं पडली होती, खायला नव्हतं. मुलांना शिक्षण मिळेल, खेळायला मैदान मिळेल, तुम्हालाही भेटायला येता येईल, असं ऐकून आई-वडिलांनी स्वतःच्या हाताने मुलं बसमध्ये चढवली होती. एक आठ-नऊ वर्षांची मुलगी रडून रडून सांगत होती की मी अनाथ नाही, मला आई-वडील आहेत.

पुढे मुलं आपापल्या घरी परत गेली. अमेरिकनांपैकी नऊ जणांना महिन्या-दीड महिन्यात सोडण्यात आलं आणि त्यांच्या प्रमुख बाईंना मे २०१० मध्ये, मुलांच्या बेकायदा प्रवासाची व्यवस्था केल्याबद्दल दोषी ठरवून, भोगलेल्या कोठडीवर मोकळं केलं गेलं.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगते. ते दहा जण मुलं विकणारे होते असं मी म्हणत नाही. मला वाटतं, त्यांतल्या बहुतेकांना मनापासून मदतच करायची होती. माझ्या अस्वस्थपणाचं कारण तेच तर आहे. चोराला ओळखता येतं हो, पण चांगल्या माणसाच्या हातून झालेलं वाईट काम ओळखायचं कसं?

मग मी सेमिनार संपल्यावरही वाचत राहिले. (अभ्यासाच्या पुस्तकांवर एवढा वेळ दिला असता तर एम-थ्री केव्हाच निघाला असता.)

अमेरिकेतल्या चर्चमधून दरवर्षी सुट्टीत 'मिशन ट्रिप' निघतात. आठवडा-दहा दिवसांसाठी गरीब देशात जायचं, शाळेची भिंत बांधायची, रंग द्यायचा, मुलांना गाणी शिकवायची आणि परत यायचं. २००० च्या दशकातल्या एका अंदाजानुसार वर्षाला सुमारे १६ लाख अमेरिकन अशा सहलींना जात होते. जाणाऱ्यांत आपल्याच वयाची मुलं-मुली खूप. आणि या सहलींचा एक ठरलेला मुक्काम म्हणजे अनाथालय.

हैतीत भूकंपानंतरच्या काही वर्षांत सुमारे ७५० अनाथालयं होती आणि त्यांत सुमारे ३०,००० मुलं. त्यांतल्या ८० टक्क्यांच्या आसपास मुलांच्या पालकांपैकी निदान एक जण जिवंत होता! मुलं तिथे होती ती आई नाही म्हणून नाही. आईकडे शाळेची फी नाही, औषधाला पैसे नाहीत, म्हणून होती. आणि या संस्थांचा पैसा बराचसा परदेशातून, त्यातही अमेरिकी चर्चकडून यायचा.

कंबोडियाची गोष्ट वेगळी नाही. तिथे २००५ ते २०१० या पाच वर्षांत अनाथालयांची संख्या ७५ टक्क्यांनी वाढली. या काळात तिथे युद्ध झालं नाही, साथ आली नाही. मग अनाथ आले कुठून? वाढले होते पर्यटक आणि स्वयंसेवक. तिथल्याही बहुतेक मुलांचे पालक हयात होते. शेवटी २०११ मध्ये तिथे युनिसेफच्या पाठिंब्याने मोहीमच काढावी लागली की मुलं म्हणजे काही प्रेक्षणीय स्थळ नव्हे.

तसा 'अनाथ' शब्दातच घोळ आहे. आपण अनाथ म्हटलं की आई-बाप दोघंही नसलेलं मूल डोळ्यांसमोर येतं. युनिसेफच्या मोजणीत मात्र एक पालक गेला तरी मूल त्या आकड्यात धरलं जातं. २०१५ च्या अंदाजानुसार जगात असे सुमारे १४ कोटी 'अनाथ' होते आणि दोन्ही पालक गमावलेले त्यांत सुमारे दीड कोटी. दीड कोटी हाही आकडा लहान नाही. पण देणगीच्या पत्रकावर छापला जातो तो १४ कोटींचा, आणि वाचणाऱ्याच्या मनात येतं ते दीड कोटींतलं मूल.

हे कसं चालतं हे इंजिनिअरिंगच्या मुलांना समजावून सांगायची गरज नाही. प्रॅक्टिकलला आपण काय करतो? उत्तर काय यायला पाहिजे ते सीनिअरच्या जर्नलमध्ये बघतो आणि मग रीडिंग मागून जुळवतो. कारण मार्क 'बरोबर' रीडिंगला आहेत, खऱ्या रीडिंगला नाहीत. अनाथालयांचंही तसंच झालं. देणाऱ्याला अनाथ मूल हवं होतं. गरीब आईच्या मुलाला पैसे मिळत नव्हते, अनाथ मुलाला मिळत होते. मग रीडिंग जुळवलं गेलं.

हे मी एवढं छातीठोकपणे म्हणते, कारण असं एक रीडिंग मी स्वतः जुळवलंय.

आमच्या शाळेपासून दोन मिनिटांवर एका संस्थेचं मुलामुलींचं वसतिगृह होतं. तिथली काही मुलं आमच्या शाळेत शिकायला यायची. त्यांतली एक माझ्या बाकावर बसायची. तिचे वडील वारले होते. आई ऊसतोडीला जायची. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. तिची आई एकटी, म्हणून 'अर्धा कोयता'. मुकादमाकडून उचल घ्यायची, दिवाळीच्या सुमाराला भावाच्या कुटुंबाबरोबर कारखान्यावर जायचं आणि हंगाम संपला की एप्रिलमध्ये परत. गावी सांभाळायला कोणी नाही म्हणून पोरगी वसतिगृहात. आमच्या भागात यात काही नवल नव्हतं.

त्या वसतिगृहात दर जानेवारीत परदेशातल्या एका चर्चचे पाहुणे दहा दिवसांसाठी यायचे. आम्हा सगळ्यांनाच त्यांचं भयंकर आकर्षण. ते गिटार वाजवायचे, फुगे द्यायचे, मुलांना खांद्यावर घेऊन पळायचे. एका वर्षी त्यांनी वसतिगृहाची मागची भिंत रंगवली. मस्त सूर्यफुलं काढली होती. त्या भिंतीला ओल होती. पहिल्याच पावसाळ्यात सूर्यफुलांना पोपडे आले. (वॉटरप्रूफिंग न करता रंग दिला की असंच होतं, हे मला आता कळतं.)

मी सातवीत असताना मला दुभाषी म्हणून बोलावलं गेलं. माझं इंग्लिश चांगलं होतं ना! मी एकदम हवेत. युनिफॉर्मला इस्त्री, केसांना नवीन रिबीन. पाहुण्यांमध्ये माझ्या आजीच्या वयाच्या एक बाई होत्या. अगदी मायाळू चेहरा. त्यांनी माझ्या मैत्रिणीचा हात हातात घेतला आणि मला म्हणाल्या, हिला विचार, हिच्या घरी कोण कोण आहे?

मी विचारलं. ती म्हणाली, "आय हाय की. कारखान्यावर गेलीय ऊस तोडाया. पट्टा पडला की येतीय." (पट्टा पडणं म्हणजे कारखान्याचा हंगाम संपणं.)

संस्थेचे सर शेजारीच उभे होते. ते मला हळूच मराठीत म्हणाले, "एवढं सगळं नको सांगूस. कोणी नाही, असं सांग."

मी बारा वर्षांची होते. सरांचं ऐकायचं, एवढंच मला शाळेने शिकवलं होतं. मी म्हणाले, "शी हॅज नोबडी, मॅम."

त्या बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्यांनी तिला पोटाशी धरलं. कोणीतरी फोटो काढला. मैत्रीण त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होती. नंतर तिने विचारलं, "काय सांगितलंस गं? त्या का रडल्या?" मी म्हटलं, "तुझं नाव सांगितलं फक्त."

एप्रिलमध्ये शेवटच्या पेपरच्या दिवशी तिची आई आली. काळवंडलेली, हाताला चिंध्या बांधलेली. मैत्रीण मला ओढत तिच्याकडे घेऊन गेली. आईने माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि "तू व्हय हिची मैत्रीण, लई सांगती तुझं" असं म्हणून काकवीची एक बाटली माझ्या हातात दिली. ती बाटली मी घरी नेऊन फळीवर ठेवली. आईने दोन-तीनदा पोळीबरोबर वाढायला घेतली, मी नको म्हटलं.

त्या सरांबद्दल मला आज राग नाही. पन्नासेक पोरांचं जेवण, औषधं, गळकं छप्पर, आणि पैसा येणार फक्त जानेवारीत. 'हिला आई आहे पण ती गरीब आहे' या वाक्याला पैसे मिळत नाहीत हे त्यांना अनुभवाने कळलं होतं. त्या बाईंबद्दल तर अजिबातच राग नाही. पण त्या दिवशी एका जिवंत बाईला आम्ही तिघांनी मिळून नाहीसं केलं. एकाने पैशासाठी, एकीने मायेपोटी आणि एकीने चांगल्या इंग्लिशच्या जोरावर.

रूममेट म्हणते, "अगं पण निदान त्या मुलांना प्रेम तर मिळतं ना? आम्ही गेलो की कशी धावत येऊन मिठी मारतात!"

हो, मारतात. आमच्याकडचीही मारायची. त्या मिठीबद्दलच मला सांगायचंय.

रुमानियात हुकूमशहा चाउशेस्कूच्या काळात, १९६६ पासून, गर्भपातावर कडक बंदी होती. मुलं झाली, पोसता येईनात, सरकारी संस्थांत टाकली गेली. १९८९ मध्ये ती राजवट पडली तेव्हा अशा संस्थांत लाखभर मुलं होती. २००० साली काही अमेरिकन शास्त्रज्ञांनी बुखारेस्टमध्ये १३६ लहान मुलांचा अभ्यास सुरू केला. निम्मी मुलं संस्थेतच राहिली आणि निम्मी पालक-कुटुंबांत, म्हणजे पगारी का होईना पण एका घरात वाढवली. घरात गेलेल्या मुलांची बुद्धी, बोलणं, मेंदूची वाढ, सगळं तुलनेने चांगलं निघालं. त्यातही दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांचं जास्त चांगलं.

आणि संस्थेतल्या मुलांमध्ये एक गोष्ट वारंवार दिसली. ती कुठल्याही अनोळखी माणसाला जाऊन बिलगायची. कोणाचाही हात धरून चालू लागायची. आपल्या घरातलं तीन वर्षांचं पोर परका माणूस आला की आईच्या मागे लपतं. ते लपणं हे तब्येत चांगली असल्याचं लक्षण. कारण मागे लपायला त्याला कोणीतरी आहे. जे मूल पहिल्या मिनिटाला आपल्या गळ्यात पडतं ते आपण फार प्रेमळ आहोत म्हणून पडत नाही. त्याला ठरलेलं माणूसच मिळालेलं नाही, म्हणून पडतं.

मग आपण दहा दिवस, किंवा एक रविवार, त्याचे लाड करतो आणि निघून येतो. पुढच्या वर्षी दुसरे येतात, तेही निघून जातात. जे पोर आधीच एकदा सोडलं गेलंय त्याला आपण दरवर्षी नव्याने सोडून येतो. वर फोटोही काढतो!

बरं, निदान बांधकामाचा तरी उपयोग होतो का? १९९८ मध्ये मिच नावाच्या वादळाने मध्य अमेरिकेतला होंडुरास उद्ध्वस्त केला. तेव्हा तिथे घरं बांधायला अमेरिकन चर्चचे गट गेले. कर्ट व्हेर बीक नावाच्या प्राध्यापकांनी नंतर याचा अभ्यास केला. एका गटाचा विमान तिकिटांसकट खर्च ३०,००० डॉलरच्या आसपास. तसंच घर स्थानिक लोकांकडून बांधून घेतलं तर २,००० डॉलरच्या आसपास! म्हणजे एका ट्रिपच्या पैशात पंधरा घरं, आणि पंधरा घरांवरच्या गवंड्यांना मजुरी. हा हिशेब मांडायला एस्टिमेशन अँड कॉस्टिंगचा पेपरही पास व्हावा लागत नाही. आणि तरुण मिशनवाल्यांनी बांधलेली भिंत कशी असेल? फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमध्ये आपण रचलेली विटांची भिंत आठवा. पिपा बिडल नावाच्या एका अमेरिकन मुलीने २०१४ मध्ये लिहिलं की ती शाळेच्या ट्रिपबरोबर टांझानियात अनाथालयाचं वाचनालय बांधायला गेली होती. या मुली दिवसभर विटा रचायच्या आणि स्थानिक कामगार रात्री ते सगळं काढून पुन्हा नीट बांधायचे. सकाळी मुलींना कळू नये म्हणून!

आता मला माहितीये, काही जण म्हणतील, कॉन्व्हेंटमध्ये शिकून आता त्यांच्यावरच उलटली. आणि काही जण खूश होतील की बघा, चर्चवाल्यांची कशी पोलखोल केली. दोघांनाही सांगते, लेख नीट वाचा.

मला गणित शिकवणाऱ्या सिस्टर केरळच्या. विशीत आमच्या गावी आल्या आणि तिथेच म्हाताऱ्या झाल्या. त्यांना गावातल्या प्रत्येक घराची भांडणं माहीत. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात उपासमार झालेल्या शेकडो मुली-बायका आणून केडगावला मुक्तीचं काम उभं केलं. त्यांच्या मदतीला परदेशी मिशनरी बायकाही आल्या. पण रमाबाई १९२२ मध्ये वारल्या त्या केडगावातच. राहणं आणि येऊन जाणं यात फार फरक आहे. माझा आक्षेप येऊन जाण्यावर आहे, मग येणारा अमेरिकेतून येवो, की आपल्या हॉस्टेलमधून सिटी बस पकडून येवो.

शिवाय या सहलींवर टीका करणाऱ्यांत श्रद्धावान ख्रिस्ती माणसं पुढे आहेत. व्हेर बीक स्वतः एका ख्रिस्ती कॉलेजचे. आज कित्येक चर्च ट्रिपऐवजी मुलाच्या कुटुंबाला मदत करण्याकडे वळली आहेत. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियात आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा झाला, तेव्हा अनाथालयं भरण्यासाठी होणारी मुलांची तस्करी हाही गुलामगिरीचाच प्रकार मानला गेला. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठरावात अनाथालयांतल्या स्वयंसेवक-पर्यटनाच्या धोक्याचा उल्लेख केला. चुका झाल्या हे कबूल करायला ते तयार आहेत. आपण आहोत का?

आपल्याकडे कायदा आधीच आहे. २०१५ चा बाल न्याय अधिनियम म्हणतो की मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, आधी कुटुंब. महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. एकट्या आईला, किंवा मूल सांभाळणाऱ्या नातेवाइकाला, दरमहा थोडी मदत मिळते आणि मूल घरातच राहतं. ऊसतोडीच्या भागात हंगामी वसतिगृहं चालतात, म्हणजे आई-बाप कारखान्यावर असले तरी मुलाची शाळा सुटत नाही. आणि मूल 'ऊसतोड कामगाराचं मूल' म्हणूनच राहतं, त्याला कोणी अनाथ म्हणत नाही. या योजना कागदावर जेवढ्या चांगल्या आहेत तेवढ्या प्रत्यक्षात नसतात, मान्य. फॉर्म भरता येत नाही, दाखले मिळत नाहीत, बँकेचं खातं नाही. पण दोस्तांनो, फॉर्म भरणं आणि दाखल्यांसाठी रांगेत उभं राहणं यात आपला हात कोण धरेल? स्कॉलरशिपसाठी आपण दरवर्षी तेच तर करतो!

ज्या मुलांना खरोखरच कोणी नाही, अशीही मुलं आहेत. त्यांच्यासाठी बालगृहं लागतातच आणि ती चालवणाऱ्यांना माझा नमस्कार आहे. त्यांना जाऊन विचारा की तुम्हाला काय हवंय. बहुतेक उत्तर केक असं येणार नाही. पाण्याची टाकी गळत असेल, वायरिंग धोकादायक असेल, हिशेबाला कॉम्प्युटर येणारं माणूस नसेल. आपल्या कॉलेजात सिव्हिल आहे, इलेक्ट्रिकल आहे, कॉम्प्युटर आहे. आणि शिकवायचंच असेल तर त्याच दोघा-तिघांनी दर आठवड्याला, निदान दोन वर्षं जायचं. ते जमणार नसेल तर मुलांच्या खोलीत न शिरता टाकी दुरुस्त करून यायचं. फोटो टाकीचा काढा, हवा तर!

सोशल क्लबच्या सेक्रेटरीला मी हे सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं (आश्चर्य!) आणि म्हणाला, "पण मग चाळीस जण येणार नाहीत गं. टाकी दुरुस्तीला चार जण येतील." मी म्हटलं, चालेल. पाचवं नाव माझं लिही. त्याने अजून काही कळवलेलं नाही. रूममेट मात्र काल रात्री म्हणाली की सहावं माझं.

माझी ती मैत्रीण आठवीत शाळेत आली नाही. तिची आई तिला घेऊन गेली, एवढंच कळलं. कुठल्या कारखान्यावर, कुठल्या गावी, कोणालाच माहीत नव्हतं. त्या बाईंच्या चर्चमध्ये कदाचित अजूनही तिचा फोटो असेल आणि त्याखाली मी सांगितलेलं वाक्य असेल. ते खोडायला मला आता काही मार्ग नाही. बोर्डावरचं माझं नाव तेवढं खोडता आलं.

तेव्हा पुढच्या वेळी अशी नोटीस लागली की नाव देण्याआधी एकच प्रश्न विचारा. या मुलांच्या आया कुठे आहेत? उत्तर मिळालं, की आधी तिकडे जाऊया.

(तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी)